सर्वांत मागे धावणाऱ्या काकांसाठी

प्रश्न : आमच्या धावण्याच्या गटातले सर्वांचे लाडके काका नुकतेच गेले. स्वतः चांगले मॅरेथॉन धावक. पण शर्यतीच्या दिवशी बहुधा स्वीपर म्हणून सगळ्यांच्या मागे राहायचे. दमलेल्या नवख्याला ‘पुढच्या खांबापर्यंत चल’ एवढंच म्हणायचे आणि त्याला शेवटच्या रेषेपर्यंत आणायचे. नंतर रस्त्यावरचे पाण्याचे ग्लास गोळा करायचे. त्यांच्या नावाने मोठी शर्यत घेऊन विजेत्याला रोख बक्षीस द्यावं, असं काहींचं म्हणणं आहे. ते योग्य होईल का?

उत्तर : पत्र वाचून काकांना भेटल्यासारखं वाटलं. मी शर्यतींच्या आयोजनात बरीच वर्षं आहे, त्यामुळे स्वीपरचं काम जवळून पाहिलंय. पहिला आलेला धावक घरी पोचलेला असतो, तेव्हाही हा माणूस रस्त्यावर असतो. सोबतच्याच्या पायात गोळे आलेले, डोळ्यांत पाणी, आणि पुढची पाण्याची टेबलं आवरायला घेतलेली. अशा वेळी ‘अजून किती राहिलं?’ या प्रश्नाला किलोमीटरचा आकडा सांगायचा की नुसता पुढचा खांब दाखवायचा, हे समोरच्याचा चेहरा बघून ठरवावं लागतं. काकांना ते कळत होतं.

म्हणून विजेत्याला रोख बक्षीस नको, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅनडाचा टेरी फॉक्स कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. त्याचा स्वतःचा कर्करोग उलटल्यामुळे त्याला थांबावं लागलं आणि १९८१ मध्ये तो गेला. त्याच वर्षी सुरू झालेल्या त्याच्या नावाच्या दौडीत कोणी विजेता नसतो, प्रवेश शुल्क नसतं. चालत आलं तरी चालतं. काकांनाही असंच काही आवडलं असतं, असं मला वाटतं.

तुम्ही नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच रस्त्यावर धावा. घड्याळ लावू नका. सर्वांत हळू धावणाऱ्याला पुढे ठेवा आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे राहा. जोरात धावणाऱ्यांना हे फार जड जातं, पण एक दिवस त्यांनाही जमू द्या.

आठवणी जमवताना ‘काकांविषयी दोन शब्द’ असं मागू नका. ‘फार चांगले होते’ एवढंच हाती येतं. त्यापेक्षा ‘तुम्ही कुठे थांबला होतात आणि तेव्हा काका काय म्हणाले?’ असं विचारा. ते सगळं एका वहीत लिहून त्यांच्या घरी द्या. घरच्यांना त्यांचं हे रस्त्यावरचं रूप फारसं ठाऊक नसतं.

बिब क्रमांक, म्हणजे धावकाच्या छातीवरचा क्रमांक, राखून ठेवायची, तो पुन्हा कोणाला न द्यायची पद्धतही आहे. बोस्टन मॅरेथॉननं तिथे अधिकृत क्रमांक लावून धावलेल्या पहिल्या महिला कॅथरीन स्विट्झर यांचा २६१ हा क्रमांक २०१७ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला. काकांचा ठरलेला क्रमांक असेल तर तुम्हीही तसं करू शकता.

मात्र त्यांची जागा रिकामी ठेवू नका. पुढच्या शर्यतीचा स्वीपर कोण आणि ग्लास कोण उचलणार, ही नावं त्याच दिवशी लिहून घ्या. फलकावर फोटो छापायच्या आधी घरच्यांना विचारा. कोणता फोटो घ्यायचा, हे त्यांनाच ठरवू द्या.