नीटचा तिसरा प्रयत्न नेमका कोणासाठी?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला शेतकरी. मुलगी पीयूसी (बारावी) सायन्स ८८ टक्क्यांनी पास झाली. दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा सीट हुकली. आता तिसऱ्यांदा बसवतोय. एमबीबीएस, मग त्वचारोगात एमडी. रात्रपाळी नाही, क्लिनिक जोरात चालतं. ती म्हणते, मेलानोमावर, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरवर, संशोधन करायचंय. माझी आई त्यानंच गेली. टाचेवर काळा डाग होता; भातलावणीत काटा मोडला असेल म्हणून आम्ही बिब्बा लावला, ब्लेडनं खरवडला. पण कॅन्सरवर काम करायचं तर आधी डॉक्टर व्हावंच लागतं ना? मोबाईल काढून घेतलाय, मैत्रिणींकडे जाणं बंद केलंय. यंदा जमलं नाही तर स्थळं बघणार, असं स्पष्ट सांगितलंय. महिनाभर ती जेवणही खोलीतच करते. तिला कसं समजवावं?

उत्तर : तिला समजावण्याचं काम मी करणार नाही. तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली ती सीटची नाही. अठरा-एकोणीस वर्षांची पोर महिनाभर घरच्यांसोबत ताटावर बसत नाही, आणि तुम्ही ते हट्टीपणाच्या खात्यात टाकून मोकळे झालात. मैत्रिणी तुटल्या, फोन गेला, वर लग्नाचा धाक. धाक घालून कुणाचे बायोलॉजीचे मार्क वाढल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. मोबाईल आजच परत द्या. स्थळांचा विषय बंद केला, हे तिच्या तोंडावर सांगा. नुसतं गप्प बसून चालणार नाही. ती झोपते का, कुणाशी मोकळं बोलते का, हे तिच्या आईला हळूच बघू दे. घरात बोलवत नसेल तर मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे. नीटचं नंतर बघू.

आता तुमचा गैरसमज. २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानच्या तासुकू होंजो यांच्याबरोबर अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांना मिळालं. ॲलिसन यांनी एमबीबीएससारखी कुठलीच पदवी घेतलेली नाही. ते बायोकेमिस्ट्रीकडून आलेले पीएचडीवाले. शरीरात रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींना लागलेला ब्रेक सोडवला तर त्या कॅन्सरवर तुटून पडतात, हे त्यांनी उंदरांवर दाखवलं. त्यातून इपिलिमुमॅब हे औषध आलं आणि २०११ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही मेलानोमासाठीच. उलट तुम्ही म्हणता त्या क्लिनिकमध्ये दिवसभर काय चालतं? नायटा, मुरुमं, केस गळणं, लेझर. मेलानोमाचा पेशंट तिथं क्वचित येतो, आणि आलाच तर कॅन्सर सर्जनकडे जातो. म्हणजे साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग नीट-पीजीत प्रचंड मारामारी असलेली ब्रँच, वर तीन वर्षं एमडी, आणि एवढं करून मुलगी तिच्या विषयापासून लांबच.

तिला पडलेला प्रश्न मात्र खरा आहे, तेवढा मान तिला द्या. गोऱ्या लोकांत मेलानोमाचा संबंध बहुतेकदा उन्हाशी असतो. आपल्याकडे तो जास्त करून तळपायावर, तळहातावर, नखाखाली निघतो, जिथं ऊन फारसं लागतच नाही. बॉब मार्ले हा जमैकाचा गायक १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला, त्याच्या मेलानोमाची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाली होती. उन्हाशी जोडलेल्या प्रकारात जवळपास निम्म्या रुग्णांत बीआरएएफ या जनुकात बदल सापडतो, आणि त्यावर गोळ्या आहेत. तळपायाच्या प्रकारात तो बदल बराच कमी आढळतो, म्हणून त्या गोळ्या तिथं अनेकांना लागूच पडत नाहीत. हा तुमच्या आईच्या टाचेचाच प्रश्न आहे, आणि तो प्रयोगशाळेत सुटायचा आहे.

वाट सरळ आहे : आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा, नाहीतर बेळगावातच चांगली बीएस्सी, मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम किंवा गॅट-बी, पुढे पीएचडीसाठी नेट. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. खारघरचं ॲक्ट्रेक, पुण्याचं एनसीसीएस इथं पेशी आणि कॅन्सर यांवर काम चालतं. बेळगावात आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था आहे, तिथली कामाची पद्धत एकदा बघून या.

तिलाही काही गोष्टी सांगा. पीएचडी हातात येईपर्यंत तिशी जवळ येते आणि कायम नोकऱ्या कमी आहेत. रविवारीसुद्धा पेशी वाढवायचा पोषक द्रव (मीडिया) बदलायला लॅबमध्ये जावं लागतं. आपल्या देशात मेलानोमा दुर्मिळ असल्यानं सुरुवातीला तोंडाच्या कॅन्सरवर काम करावं लागेल; तंबाखूच्या आपल्या पट्ट्यात त्याला तोटा नाही, आणि शिकायला मिळतं ते तंत्र बरंचसं तेच.

हे सगळं ऐकूनही तिलाच पुन्हा नीट द्यावीशी वाटली तर जरूर देऊ दे. तुमचं गाव महाराष्ट्रानं दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत असेल तर महाराष्ट्राच्या प्रवेश पुस्तिकेतलं सीमाभागाच्या जागांचं पानही बघा, दाखले आधी काढून ठेवा. अर्ज मात्र तिचा तिनं भरायचा.