फ्यूज सारखा उडतोय? वायरिंग फाडायच्या आधी एक बल्ब लावून बघा

उन्हाळ्यात सोलापुरात बॉनेटखाली काय तापतं ते सांगायला नको, जुन्या वायरची साल कडक होऊन तडकते आणि मग वायरिंगचे प्रश्न सुरू होतात. या वेळी वाचकांनी विचारलेले सगळे प्रश्न त्यातलेच आलेत.

माझी 2004 ची मारुती 800. ब्रेक दाबला की फ्यूज उडतो, हॉर्न पण बंद. एकाने मोठा फ्यूज टाकून दिला, चालेल का? (जुळे सोलापूर)

काका, आजच काढा तो. 15 अँपिअरचा निळा उडत होता म्हणून 30 चा हिरवा टाकला तर शॉर्ट तिथंच राहतो, फक्त आता फ्यूजच्या ऐवजी वायर जळणार. तांब्याची तार गुंडाळणारे तर त्याच्याही पुढचे. मागचे 21 वॉटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात, हॉर्न धरला तरी 15 पुरेसा असतो, तो उडतोय म्हणजे वायर कुठंतरी बॉडीला टेकतीय.

शोधायचं असं. आधी मागचे दोन्ही ब्रेक बल्ब काढून ठेवा, नाहीतर करंट त्यांच्यातून जातो आणि तुम्ही फसता. मग एका 21 वॉटच्या बल्बला होल्डर आणि दोन वायरी जोडून तो फ्यूजच्या जागी लावा. आता शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, काही जळत नाही, निवांत शोधा. ब्रेक न दाबताच बल्ब पेटला तर भानगड पेडलच्या स्विचच्या अलीकडं किंवा हॉर्नच्या वायरीत. दाबल्यावर पेटला तर स्विचपासून मागच्या लाईटपर्यंत. तुमचा फ्यूज ब्रेक दाबल्यावरच उडतो, म्हणजे बहुतेक स्विचपासून मागच्या लाईटपर्यंतच. कुणाला तरी ब्रेक दाबून बसवा आणि तुम्ही वायरिंग हलवत मागं जा, जिथं हलवल्यावर बल्ब विझतो तिथं चिकटपट्टी सोडून बघा. मला पहिला संशय दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीचा, गाडीच्या तळाला नवीन लॅमिनेशन करून घेतलं असेल तर पट्टीचा स्क्रू सरळ वायरीत घुसलेला सापडतो, मी तरी सगळ्यात आधी तेच स्क्रू काढतो.

झेन दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. शॉर्ट आहे म्हणतात. (बार्शी)

दादा, शॉर्ट असता तर फ्यूज उडाला असता, ही करंटची गळती आहे, गाडी बंद असतानाही काहीतरी बॅटरी खातंय. आणि त्याच्याही आधी बॅटरी बघा, फुल चार्ज करून वायर काढून रात्रभर ठेवा, सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास पाहिजे, बरीच उतरली तर बॅटरीच गेलीय, वायरिंगला कशाला बदनाम करता.

बॅटरी चांगली असेल तर मल्टीमीटर 10 अँपिअरवर, लाल वायर पण 10 अँपिअरच्या भोकात, आणि मीटर निगेटिव्ह टर्मिनल व काढलेली केबल यांच्या मधे. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल. सगळं बंद, दारं बंद, 50 मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. 400 दाखवलं तर डिकीतला 5 वॉटचा बल्ब पेटता राहिलाय का बघा, तो बरोबर तेवढंच खातो. नसेल तर एकेक फ्यूज काढत जा, कुठं आकडा पडतो ते कळेल, बाहेरून बसवलेला गाण्यांचा टेप नाहीतर सेंट्रल लॉक निघतो बऱ्याचदा. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचा, डायोड. आधी बॅटरीची वायर काढा, मग अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा, परत मोजा.

इंडिकेटर लावला की मागचे सगळे लाईट मिणमिणतात. (मोहोळ)

हा शॉर्ट नाहीच, अर्थिंग नीट लागत नाही. मागच्या लाईटची काळी वायर बॉडीला जिथं स्क्रूने बसवलीय तिथला गंज पॉलिश पेपरनं घासून चकाचक करा, स्क्रू घट्ट, वरून थोडं ग्रीस. बाकी काही करायची गरज नाही.

रात्री पुणे हायवेला डॅशबोर्डमधून जळका वास आला. हेडलाईटला 100 वॉटचे बल्ब आहेत, त्याचं काही? (सात रस्ता)

त्याचंच असणार भाऊ. कंपनीचा 55-60 वॉटचा बल्ब, दोन मिळून नऊ-दहा अँपिअर, तुमचे 100 चे दोन सोळाच्या वर, आणि ते सगळं स्टिअरिंगजवळच्या त्या जुन्या कॉम्बिनेशन स्विचमधून! स्विचच्या मागचं प्लास्टिक वितळलेलं दिसेल. एकतर मूळ बल्ब लावा, नाहीतर रिले (कमी करंटवर जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज टाकून बॅटरीवरून जाड वायर ओढा. परत असा वास आला तर बाजूला घेऊन चावी बंद करा, बॉनेट उघडून बॅटरीचं निगेटिव्ह काढा, पॉझिटिव्ह नाही, कारण पाना चुकून बॉडीला लागला तर तिथंच ठिणग्या. बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना लागतो, तो डिकीत सामानाखाली नको, पुढं हाताशी असू द्या.