तालुक्याची हद्द नकाशावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर वाडा तालुक्याची हद्द टाकायची आहे. शेजारच्या भिवंडीची आधीच आहे. तिच्यावरूनच दुसरी रेघ ओढायची का?

उत्तर : नको. हद्दीची रेघ एकच ठेवायची, तिचे भागीदार वाढवायचे. वाडा-भिवंडीमधला तुकडा चार ‘रिलेशन’मध्ये (रेघा आणि बिंदू एकत्र बांधणाऱ्या नोंदींत) हवा : हे दोन तालुके, शिवाय पालघर आणि ठाणे हे जिल्हे. तलासरीजवळ गुजरातच्या सीमेवर दोन राज्येही येतात, म्हणजे सहा.

तीन तालुके भेटतात त्या बिंदूवर जुनी रेघ तोडा (जोसम या नकाशा-संपादनाच्या प्रणालीत ‘पी’ ही कळ). पण त्याआधी ती रेघ ज्या रिलेशनमध्ये आहे ती सगळी उतरवून घ्या, नाहीतर तुटलेला अर्धा भाग जिल्ह्यातून गळतो. मग तालुक्याचे रिलेशन करा : टाइप ‘बाउंड्री’, ॲडमिन लेव्हल (प्रशासकीय पातळीचा आकडा) ६. भारतात राज्य ४, जिल्हा ५. रेघेवर मात्र ती ज्या रिलेशनमध्ये आहे त्यांतला सर्वांत लहान आकडा लिहायचा, म्हणून वाडा-भिवंडी रेघेवर ५. रिलेशनमध्ये तुकड्यांना ‘आउटर’ (बाहेरची कड) ही भूमिका, वाडा गावाच्या बिंदूला ‘ॲडमिन सेंटर’ (मुख्यालय). शेवटी वेटोळे बंद झाले का ते पाहा. एका ठिकाणी फट राहिली तरी क्षेत्र तयार होत नाही. एका रेघेत २००० पेक्षा जास्त बिंदू चालत नाहीत, डोंगरकडेच्या हद्दीला तुकडे करावेच लागतात.

सर्वांत मोठा उपद्रव चिकटवण्याचा. हद्दीचे बिंदू रस्त्याला जोडले की कुणी उपग्रहचित्र पाहून रस्ता सरळ करतो आणि तालुकाच सरकतो! नदीचेही तेच : पात्र बदलले म्हणून कागदोपत्री हद्द आपोआप बदलत नाही.

प्रश्न : आमच्या गट ग्रामपंचायतीत चार महसुली गावे आहेत. हद्द कुणाची?

उत्तर : महसुली गावाची शीव भूमी अभिलेखात असते, सातबारा तिच्यावर चालतो. ग्रामपंचायत वेगळ्या रांगेत, पंचायत समितीखाली. दोन्ही एकाच ॲडमिन लेव्हलवर टाकले की एकाच ठिकाणाला दोन ‘गावे’ मिळतात. म्हणून आधी महसुली गावे पूर्ण करा, पंचायत नंतर. पाड्यांना हद्द नको, नावाचा बिंदू पुरे.

प्रश्न : जिल्ह्याचे नाव बदलले तर?

उत्तर : धाराशिवसारखे फक्त नाव बदलले तर जुनेच रिलेशन ठेवा, ‘उस्मानाबाद’ जुन्या नावाच्या रकान्यात. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघाला, तो नवा जिल्हा. तिथे नवे रिलेशन, रेघा मात्र जुन्याच.

आणि गूगलचा नकाशा गिरवू नका. परवाना तशी मुभा देत नाही, असे काम काढून टाकले जाते.