कॉम्बो टीव्ही उघडण्याआधी

दांडिया बाजारातल्या काकूंचा कॉम्बो सेट, म्हणजे टीव्ही, व्हीसीआर आणि डीव्हीडी एकाच डब्यात, दुरुस्तीला घेतलास म्हणे. आधी मागची पट्टी वाच. आपल्या बडोद्यात असे बरेच सेट अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेले. १२० व्होल्टचा असला तर आपल्या २३० वर लावताक्षणी पॉवर सप्लाय गेलाच समज. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घे.

प्लग काढला म्हणजे झालं, असं नाही बरं का. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. वायरी जोडलेला शंभर वॉटचा साधा बल्ब त्याच्या दोन टोकांना लाव, मग चार्ज उतरला का ते मीटरने बघ. पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली तर वीस हजारांच्या घरात व्होल्ट असतात. तिथला चार्ज कसा काढायचा ते माझ्यासमोर शीक, एकट्याने अजिबात नाही.

कॅसेट अडकली की ओढू नकोस. बहुतेक वेळा बेल्ट गेलेला असतो. मी एकदा उघडला तर बेल्टचा गुळाचा पाक झालेला, पुलीला चिकटून! आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुली पुसली, पण बोटांवरचा काळा डाग आठवडाभर गेला नाही. चित्रात मुंग्या दिसल्या तर टेप वाचणारं हेड साफ कर: शॅमॉय म्हणजे मऊ कातडं अल्कोहोलात भिजवून, हेड ज्यावर बसवलेलं असतं त्या फिरत्या ड्रमला टेकवून धर आणि ड्रम हाताने हळू फिरव. कातडं वर-खाली घासलंस तर हेड तुटलंच. आणि पांढरी बुरशी आलेली कॅसेट आत घालायची नाही, काकू कितीही म्हणोत ‘लग्नाची आहे’.

डिस्क वाचत नसेल तर आधी लेन्सवरची धूळ अलगद पुस.