कट कुठे लागला, ते आधी मोज

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या बॅचमध्ये औषधानं झेब्राफिश या छोट्या माशाची कापलेली शेपटी भराभर परत वाढली, दुसरीत तेच औषध मंद पडलं, आणि तू लगेच डोस बदलायला निघालीस. थांब. औषधावर शंका घेण्याआधी कट कुठे लागला ते मोज.

फिन, म्हणजे शेपटीचा पर, बुंध्याजवळ कापली तर वाढ वेगानं होते, टोकाशी कापली तर सावकाश. जीवशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे नोंदवलंय. औषधाच्या गटाला कट जरा आत, म्हणजे बुंध्याकडे, बसला, तर औषधानं काहीही न करता ते मासे पुढे दिसणार. तुझ्या फोटोंत काही कट रेच्या, म्हणजे फिनमधल्या हाडाच्या काडीच्या, फाट्याच्या आत आहेत, काही बाहेर, दोन-तीन चक्क तिरके. तिरक्या कटात एकाच शेपटीला दोन वेग. सरासरी कशाची काढणार?

मासे एकाच क्लचचे, म्हणजे एकाच वेळी घातलेल्या अंड्यांतले, घे. भुलीचं औषध ट्रायकेन साधारण ०.०१६ टक्के, बफर घालून पीएच ७ वर आणलेलं. नुसतं विरघळवलं तर ते आम्लधर्मी राहतं आणि माशाला त्रास होतो. मासा शांत झाला की ओल्या अगारवर आडवा ठेव, फिन पसर, पहिल्या फाट्याच्या किंचित आत, अक्षाला काटकोनात, नव्या ब्लेडनं एका दाबात काप. ब्लेड घासलंस की कड फाटते आणि मोजायची रेषाच हरवते. कापण्याआधी एक फोटो, कापल्याबरोबर दुसरा. गट पाडायचे ते यानंतर, चिठ्ठ्या टाकून. तू आधी गट पाडलेस आणि मग कापलंस. हात सरावत गेला तसा कटही सरकत गेला.

तापमान २८ अंशांवर स्थिर हवं, थंड टाकीत वाढ रेंगाळते. कंट्रोललाही, म्हणजे औषध न दिलेल्या गटालाही, तितकंच डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतो तो द्रव). सातव्या दिवशी वरून तिसऱ्या आणि खालून तिसऱ्या रेची नवी वाढ मोज आणि तिला कापून गेलेल्या लांबीनं भाग दे. आणि हो, नमुना म्हणजे मासा. एका माशाचे दोन रे म्हणजे दोन नमुने नव्हेत.

यात वेळ जातो, अशी लॅबमध्ये कुरकुर असते. असू दे. दोन फोटोंना मिनिटभर पुरतं. फसलेली बॅच म्हणजे विनाकारण कापलेले जीव. इथे मी तडजोड करणार नाही, तूही करू नकोस.

चिकाटी तुझ्यात आहे, म्हणूनच इतकं बोलतोय. सोमवारी दोन्ही बॅचचे कापल्यानंतरचे फोटो घेऊन ये. आधी कट मोजू, डोसचं नंतर बघू.