सभागृहातील खुर्चीला नाव दिले, तर ती खुर्ची आपली होते का?

नाही, नूतनीकरण झालेल्या सभागृहातील खुर्चीला नाव देणे ही देणगी असते, खरेदी नव्हे. लंडनमध्ये १९५१ साली उघडलेल्या आणि नूतनीकरणानंतर २००७ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसारख्या ठिकाणी नावाची पट्टी लागली, तरी त्या खुर्चीत बसण्यासाठी देणगीदाराला तिकीट काढावेच लागते. गोंधळ बहुधा त्याच शहरातील रॉयल अल्बर्ट हॉलमुळे होतो: १८७१ मध्ये उघडलेल्या त्या वास्तूच्या बांधकामासाठी प्रत्येकी १०० पौंडांना ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने आसने विकली गेली आणि १,२०० हून अधिक आसने आजही खासगी मालकीची असून ती वारशाने किंवा विक्रीने हस्तांतरित होतात. नाव देताना मात्र पट्टी किती वर्षे राहील, हे आधी लेखी विचारून घ्यावे, कारण खुर्च्या बदलल्या की पट्ट्याही निघू शकतात.