बाईला आपण विनोदी आहोत हे माहीत नसतं

प्रिय मुली,

विनोदी भूमिका सोडून आता गंभीर काहीतरी करावं का, असं तू विचारतेस. लोक हसतात, पण नटी म्हणून मोजत नाहीत, ही तुझी तक्रार. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. पाठवलेल्या व्हिडिओत तू प्रत्येक टाळीच्या वाक्यानंतर डावी भुवई उडवतेस. बघा, कशी गंमत केली! ती भुवई खाली येईपर्यंत तुला विनोदीही जमणार नाही आणि गंभीरही.

1930 च्या दशकातली हॉलिवूडची विनोदी नटी कॅरोल लोम्बार्ड बघ. 1936 चा 'माय मॅन गॉडफ्री' लाव. बटलर झालेला विल्यम पॉवेल तिला खांद्यावर टाकून नेतो आणि अंगावरच्या कपड्यांसकट थंड शॉवरखाली बसवतो. दुसरी कुणी रागाने लाल झाली असती. लोम्बार्डच्या आयरीनचा निष्कर्ष असा की हा चिडला, म्हणजे याचं माझ्यावर प्रेम आहे. तशीच निथळत ती पलंगावर उड्या मारत सुटते. हा प्रसंग आधी आवाज बंद करून पाहा. डोळा मारणं नाही, ओठ मुडपणं नाही, नुसता आनंद. बाईला आपण विनोदी आहोत हे माहीतच नाही.

'नथिंग सेक्रेड'मध्ये तर उलटं. आधीचं निदान चुकलं, रेडियमच्या विषबाधेने तू मरणार नाहीस, असं डॉक्टर सांगतात आणि हेझल, म्हणजे लोम्बार्ड, हिरमुसते, कारण गावाबाहेर पडायची संधी हुकते. लोम्बार्ड ते दुःख खऱ्या दुःखासारखंच करते. तिने तिथे किंचित जरी हसू दाखवलं असतं, तर प्रसंग मेला असता.

हे तिला उपजत येत होतं, असं म्हणून पळवाट काढू नकोस. मोटारीच्या अपघातात गालावर व्रण आला, फॉक्स स्टुडिओचं काम गेलं. 1927 पासून विनोदपटांचा निर्माता मॅक सेनेट याच्या वीसेक मिनिटांच्या धांदलपटांत पडणं, आपटणं, धावणं. पुढे पॅरामाउंट स्टुडिओने तिला भारी गाऊन घालून उभं केलं, आणि उभी राहण्यापलीकडे फारसं काही मागितलं नाही. मग 1934 मध्ये दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा 'ट्वेंटिएथ सेंच्युरी'. हॉक्स सांगत असे, की नायक जॉन बॅरीमोरसमोर ती ताठरून 'अभिनय' करत होती. त्याने तिला बाजूला नेऊन विचारलं, खरोखर कुणी तुला असं बोललं तर काय करशील? लाथ घालीन, म्हणाली. मग घाल, म्हणाला. सिनेमातल्या आगगाडीच्या डब्यातल्या त्या लाथा बघ. त्या बॅरीमोरला लागाव्यात म्हणूनच मारलेल्या आहेत.

आता वेग. तू घाईला वेग समजतेस, म्हणून शेवटचे शब्द गिळले जातात. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत बोलायचं असेल, तर लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनमहत्त्वाचे शब्द ठेवावे लागतात: "अगं पण", "म्हणजे काय की". ते एकमेकांवर चढले तरी मधला अर्थ शाबूत राहतो. तुझ्या संहितेत तशी जागाच नसेल तर आधी ती करून घे. आणि हशा संपायची वाट बघत थांबू नकोस. पात्राला समोरच्या माणसाशी भांडायचं असतं, प्रेक्षक त्याच्या हिशेबात नसतात.

गंभीर भूमिकांचं म्हणशील, तर 'फूल्स फॉर स्कँडल' आपटल्यावर लोम्बार्डही तिकडे गेली. 1940 च्या 'व्हिजिल इन द नाइट'मध्ये ती परिचारिका आहे. काम वाईट नाही, मन लावून केलेलं आहे. पण लोक ते बघायला आले नाहीत, आणि पुढच्या वर्षी ती हिचकॉकच्या विनोदपटात परतली. मी हेकट आहे असं तू म्हणशील. म्हण. विनोद खालच्या पायरीवर ठेवणाऱ्यांचं इतकी वर्षं ऐकून घेतल्यावर माणूस हेकट होणारच. दोन्हीकडे काम एकच: पात्राला जे हवं आहे ते जिवाच्या आकांताने मागायचं.

आता अभ्यास. दिग्दर्शक लुबिचचा 'टू बी ऑर नॉट टू बी' घे, लोम्बार्डचा शेवटचा. 16 जानेवारी 1942 ला विमान अपघातात ती 33 व्या वर्षी गेली आणि सिनेमा नंतर लागला. त्यात ती मारिया नावाची नाटकातली नटी आहे. तालमीत मारिया झुळझुळीत पार्टी गाऊन घालून येते आणि छळछावणीच्या प्रवेशात हाच घालायचा म्हणते. अंधारात मला फटके पडताहेत, दिवे लागतात आणि या गाऊनमध्ये मी जमिनीवर! तिला ही कल्पना खरोखरच उत्तम वाटते. तो प्रवेश पाठ कर. मोबाइल टेबलावर टेकवून एका दमात चित्रित कर, आणि पाठवण्याआधी आवाज बंद करून स्वतः बघ. भुवई हलली असेल तर पाठवू नकोस, पुन्हा कर.